अक्कलखाती जमा

तार्तूत, नदीकाठच्या कॅन्टीनमध्ये, बुधवारी दुपारी
मी वाटाण्याचं सूप घेऊन बसते.
पोरं येतात. लॅपटॉप उघडायच्या आत मी म्हणते,
आधी जेवा.
उपाशी माणूस आकडे फुगवून सांगतो.

वय एकोणीस, वीस, फार तर बावीस.
एकाला कुत्र्यांसाठी बँक काढायची होती.
एकीला आजोबांच्या विसरण्यावर औषध नको, नकाशा हवा होता;
तिला पैसे दिले.
कुत्र्यांच्या बँकेलाही दिले असते,
पण तो बोलताना सारखा घड्याळाकडे पाहत होता.

योसेप आला फेब्रुवारीत,
केसांत बर्फाचा चुरा, काखेत गिरमिट.
त्याचं यंत्र म्हणजे एक पिवळा तरंगता डबा,
हिवाळ्याआधी पाण्यात सोडायचा,
मग तो फोनवर सांगणार बर्फ किती जाड आहे,
माणूस पेलेल का, गाडी पेलेल का.

आम्ही एमायोगीवर गेलो. डबा म्हणाला, चौदा सेंटिमीटर.
मी पाऊल टाकणार, तर तो म्हणाला, थांबा,
आणि काठावरून पुढे वाकून भोक पाडू लागला.
स्वतःच्याच यंत्रावर विश्वास नाही?
आहे, तो म्हणाला, पण पाय तुमचे आहेत.

साडेतेरा निघाले.
मी तिथेच हातमोजे काढून
तीस हजार युरोंवर सही केली.
गारठलेल्या बोटांची ती सही
माझ्या बाकी कुठल्याच सहीशी जुळत नाही.

मग त्याच्या आईचा फोन, वोरूहून.
पैशाबद्दल एक अक्षर नाही.
स्वतःच्या मुलीला सांगितलं असतं का, तिने विचारलं,
शेवटच्या वर्षी विद्यापीठ सोड म्हणून?
मी सांगितलं नव्हतं. अडवलंही नव्हतं.
या दोन्हींत किती अंतर आहे
ते मोजणारा डबा अजून कोणी आणलेला नाही.

पहिल्या हिवाळ्यात अकरा डबे विकले गेले.
पैप्सी सरोवरावरचे म्हातारे कोळी हसले,
आमच्याकडे कुऱ्हाड आहे, म्हणाले,
आणि तरी दोन घेतले.
दुसऱ्या हिवाळ्यात नदी गोठलीच नाही.
तिसऱ्यातही नाही.
त्याने मला दाखवलेल्या पंचवीस पानांत
स्पर्धक कोण, धोका कुठे, सगळं होतं.
नदीच धंद्यातून अंग काढून घेईल
हे मलाही सुचलं नव्हतं,
आणि मी इथेच पोहायला शिकले.

एप्रिलमध्ये तो हिशेब घेऊन आला.
उरले होते चार हजार एकशे बारा.
राहू दे, असं तोंडावर आलं होतं.
म्हटलं नाही. पैसे माझ्या एकटीचे नव्हते,
आणि दया दाखवली असती
तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या कुणाकडे गेला असता.
परत घेतले. पावती दिली.
सूप निवेपर्यंत आम्ही
गिरमिटाच्या पात्याला धार कशी लावतात यावर बोललो.
परीक्षेचं मी विचारलं नाही. तोच म्हणाला,
सप्टेंबरमध्ये परत घेतात का बघतो.

भागीदार म्हणाले, बुडीत खात्यात टाकू.
मी म्हटलं, अक्कलखाती.
कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.

एक डबा अजून पुलाखाली आहे,
काढायचा राहून गेला. बॅटरी कशी टिकली देव जाणे.
रोज सकाळी सहाला माझा फोन थरथरतो:
जाडी शून्य. पाऊल टाकू नका.
माझ्या चोवीस कंपन्यांत
इतकं खरं दुसरी कुठलीच बोलत नाही.

आज बुधवार. मी कोट चढवून निघते.
कॅन्टीनच्या दारात एक मुलगी उभी आहे,
दोन्ही हातांनी छातीशी धरलेली बरणी,
झाकणाला भोकं,
आत काहीतरी हलतंय.